सगळ्यांना यलो बेल्ट देण्याआधी खंडा मोजायला शिकवा

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये क्वालिटीचं काम बघणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या शेठजींनी मिलमधल्या साठेक माणसांना दोन दिवसांचं सिक्स सिग्मा यलो बेल्ट प्रशिक्षण द्यायचं मनावर घेतलंय. (सिक्स सिग्मा म्हणजे आकड्यांच्या आधारे दोष कमी करण्याची पद्धत; यलो बेल्ट ही तिच्या प्रशिक्षणाची सुरुवातीची पायरी, ग्रीन बेल्ट तिच्या वरची.) पुण्याहून माणशी दराचं कोटेशन आलंय. हे करावं का, नाहीतर दुसरं कोणतं प्रशिक्षण घ्यावं, आणि त्यांनी स्वतःच्या खर्चानं ग्रीन बेल्ट करावा का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्या प्रश्नात मध्येच एक ओळ आहे. पॅकिंगवाल्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून तूरडाळीत खंडा, म्हणजे फुटलेली डाळ, जास्त असल्याची तक्रार वारंवार येते आणि गाड्या ठरल्या वेळेला निघत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. शेठजींना बेल्ट नकोय, त्यांना ही तक्रार थांबायला हवीय. म्हणून मी कोर्सची तुलना नंतर करतो. आधी या दोन दुखण्यांसाठी कोणाला, काय आणि कोणत्या क्रमानं शिकवावं ते सांगतो.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. तुमच्याकडे लॉटवार खंड्याची नोंद गेल्या काही महिन्यांची आहे की नाही, यावर पहिला महिना कसा जाईल ते ठरतं. माणसं कायमची किती आणि ठेकेदाराची किती, यावर कोणाला शिकवायचं ते ठरतं. आणि वाईट आकडा समोर आला की शेठजी काय करतात, यावर बाकी सगळं ठरतं. या तिसऱ्या गोष्टीकडे पुढे परत येतो, कारण जळगाव-धुळ्याकडच्या कारखान्यांत प्रशिक्षणावरचा खर्च वाया गेलेला मी पाहिलाय तो बहुतेक वेळा तिथेच.

साठ जणांना दोन दिवस हॉलमध्ये बसवण्याला माझा विरोध का, ते सांगतो. सिक्स सिग्मा १९८६ मध्ये मोटोरोलात सुरू झालं आणि १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकनं ते मोठ्या प्रमाणावर राबवल्यावर जगभर पसरलं. दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे त्याचं प्रसिद्ध लक्ष्य. पद्धत चांगली आहे, त्यातली शिस्त मी स्वतः वापरतो. पण बेल्टची उतरंड बनली ती प्रकल्प चालवणाऱ्या माणसांसाठी. ज्याच्या हातात प्रकल्प नाही त्याला यलो बेल्ट दिला, तर दोन दिवसांत कानावर पडलेले शब्द महिन्याभरात पुसले जातात. तुमच्या मिस्तरीला ‘डिफाइन, मेजर, अॅनालाइज’ पाठ असण्याचा उपयोग नाही. रोलरची फट कधी बदलायची आणि कधी हात लावायचा नाही, हे त्याला आकड्यावरून ओळखता आलं, तर त्याचा उपयोग रोज आहे.

कारखान्यातल्या कामगारांनी सुधारणा करायची, या विचाराला बेल्टपेक्षा जुनी परंपरा आहे. जपानमध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डॉ. डेमिंग यांची गुणवत्तेवरची व्याख्यानं १९५० मध्ये झाली, आणि १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकारानं क्वालिटी सर्कल सुरू झाली. एकाच विभागातली पाच-दहा माणसं, त्यांचाच एक प्रश्न आणि आकडे गोळा करून मांडण्याची साधी सात साधनं. आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम इथल्या भेलच्या कारखान्यात पहिलं सर्कल सुरू झालं, आणि १९८२ मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया स्थापन झाला. कारखान्यातल्या बहुतेक अडचणी या सात साधनांनीच सुटतात, असं इशिकावांचं मत होतं. डाळ मिलच्या बाबतीत मला ते पटतं.

आता तुमच्या खंड्याकडे येऊ. तूर चाळून रोलरवर ओरखडली जाते, तिला तेल-पाणी लावून मुरत ठेवतात, गच्चीवर किंवा ड्रायरमध्ये वाळवतात आणि मग पुन्हा रोलरवर घेतात. खंडा यातल्या कोणत्याही टप्प्यात तयार होऊ शकतो. माल जास्त वाळला तर दाणा कडक होऊन फुटतो. कमी वाळला तर टरफल सुटत नाही, मग तोच माल रोलरवरून जास्त वेळा फिरवावा लागतो आणि तरीही फुटतो. रोलरवरचा एमरीचा खरखरीत थर झिजलेला असेल, फट चुकलेली असेल, लहानमोठा दाणा एकत्र आला असेल, तरी तेच. त्यात मिलमध्ये कधी आपल्याकडची तूर येते, कधी विदर्भ-मराठवाड्याची, कधी म्यानमार किंवा मोझांबिकची. प्रत्येकीचा दाणा वेगळा, टरफल वेगळं. मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात गच्चीवर माल जसा वाळतो तसा श्रावणात वाळत नाही. इतकी कारणं एकत्र असताना ‘खंडा का वाढला’ हे चर्चेनं सुटत नाही. प्रत्येकाकडे आपलं एक उत्तर असतं आणि ते बहुधा दुसऱ्या खात्यावर जातं.

म्हणून पहिलं प्रशिक्षण मोजण्याचं, आणि तेही अगदी थोड्या माणसांचं. रोलर चालवणारा मिस्तरी, वाळवणीवर लक्ष ठेवणारा, सॉर्टेक्सवरचा (रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्रावरचा) ऑपरेटर, निवडणीच्या बायांपैकी जिचं बाकीच्या ऐकतात ती एक, वजनकाट्यावरचा आणि डिस्पॅचची वही लिहिणारा. तुम्ही सातव्या. हेच तुमचं सर्कल. पहिल्या बैठकीत एकच काम करा: खंडा कशाला म्हणायचं ते ठरवा. कोणत्या भोकाच्या चाळणीतून पडलं की खंडा, पाकळीचा कोपरा उडाला असेल तर तो धरायचा की नाही, नमुना कुठल्या पोत्यातून, वरून की मधून, किती ग्रॅम. ठरलं की एकाच डाळीचे दहा नमुने भरा आणि दोघांना वेगवेगळं मोजायला सांगा, दुसऱ्याचा आकडा न दाखवता. बहुतेक ठिकाणी इथेच डोळे उघडतात. एक जण म्हणतो अडीच टक्के, दुसरा म्हणतो चार. माप असं हलत असेल तर गिऱ्हाइकाशी चाललेला निम्मा वाद मापाचाच असू शकतो. गिऱ्हाइकाची चाळणी आणि तुमची चाळणी एकच आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

माप स्थिर झालं की तपासणी पत्रक. लॉट नंबर, माल कुठला, वाळवणीला किती दिवस, गच्ची की ड्रायर, कोणता रोलर, कोणती पाळी, खंडा किती टक्के. एका लॉटला एक ओळ, बस. लिहिण्यापेक्षा खूण करता येईल असं पत्रक करा. आपल्याकडे मिलमध्ये अहिराणी बोलणारे असतात, पावरा असतात, उत्तर प्रदेशातून आलेलेही असतात. सगळ्यांना एकाच लिपीत एकाच वेगानं लिहिता येईल असं धरून चालू नका. चौकोनात रेघ मारणं सगळ्यांना जमतं.

तीन-चार आठवड्यांची पत्रकं जमली की ती मालाप्रमाणे, रोलरप्रमाणे, पाळीप्रमाणे वेगळी लावा. याला स्तरीकरण म्हणतात आणि सात साधनांतलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण सरासरी पुष्कळ काही झाकते. मिलचा खंडा सरासरी साडेतीन टक्के दिसतो, पण वेगळं काढल्यावर कळतं की एका रोलरवर तो अडीच आहे आणि दुसऱ्यावर साडेचार. मग चर्चा माणसांवरून यंत्रावर येते आणि बैठकीतला आवाज आपोआप खाली येतो.

यानंतर नियंत्रण आलेख शिकवा, म्हणजे नेहमीचा चढउतार कुठे संपतो आणि वेगळं काही घडलं हे कुठून धरायचं ते दाखवणारा आलेख. हा अवघड समजून लोक टाळतात. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी तो १९२४ मध्ये बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत असताना मांडला, आणि तुमच्या मिस्तरीला तो हातानं काढता येईल इतका सोपा आहे. समजा दहा लॉटचा खंडा असा आला: ३.०, ३.४, २.९, ३.५, ३.१, ३.३, २.८, ३.२, ३.६, ३.२. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. यांची सरासरी ३.२. आता लागोपाठच्या दोन आकड्यांमधला फरक काढा: ०.४, ०.५, ०.६, ०.४, ०.२, ०.५, ०.४, ०.४, ०.४. या फरकांची सरासरी सुमारे ०.४२. तिला २.६६ या ठरलेल्या गुणकानं गुणलं की १.१२ येतात. सरासरीत ते मिळवले की वरची मर्यादा ४.३, वजा केले की खालची २.१. प्रत्यक्षात वीसेक लॉट घेऊन मर्यादा काढा, म्हणजे त्या भरवशाच्या येतील.

याचा अर्थ काय? ३.६ टक्के खंडा आला त्या दिवशी काही वेगळं घडलेलं नाही. तुमची मिल आज ज्या पद्धतीनं चालते, त्या पद्धतीत ३.६ येणारच, आणि २.८ पण येणारच. ३.६ आल्यावर मिस्तरीला बोलावून फट बदलायला लावली, तर दुसऱ्या दिवशी बहुधा गोंधळ वाढतो. प्रत्येक आकड्याला उत्तर म्हणून यंत्र हलवत राहिलं की चढउतार कमी न होता वाढतात, हे डेमिंग आयुष्यभर सांगत होते. मात्र ४.८ आला तर तेव्हाच्या तेव्हा थांबून बघायचं: पोती कुठली होती, वाळवणीत काय झालं, रोलरचा आवाज बदलला का. आणि सगळे आकडे मर्यादेत आहेत, पण गिऱ्हाइकाला ३ च्या आतच हवं आहे, तर कोणाला रागावून ते होणार नाही. वाळवणीची पद्धत, रोलर किंवा खरेदी यांतलं काहीतरी बदलावं लागेल, आणि तो निर्णय शेठजींचा आहे. कामगारानं सोडवायचं काय आणि मालकानं सोडवायचं काय, हे या एका कागदावर वेगळं होतं. म्हणून माझ्या प्रशिक्षणात मी या आलेखाला सगळ्यात जास्त वेळ देतो.

पॅरेटो (कारणं मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलेला आलेख), माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, ‘का’ पाच वेळा विचारणं, ही साधनं यानंतर आठवड्याला एक या वेगानं शिकवा. त्यांवर इथे फार लिहीत नाही, मराठीत यावर भरपूर सापडतं. एवढंच सांगतो की कारणांची आकृती आधी काढू नका. हातात आकडे नसताना ती काढली की फळा भरतो आणि त्यातून काहीच निघत नाही.

शिकवायचं कसं, हा वेगळा मुद्दा. हॉल, प्रोजेक्टर, जेवण असा थाट मी शेठ लोकांना टाळायला सांगतो. पाळी बदलताना पाऊण तास, यंत्रापाशी, एका वेळी एकच गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नव्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम होता, त्यातली चार पायऱ्यांची रीत मी वापरतो. आधी माणसाची तयारी करून घ्यायची आणि त्याला किती येतं ते विचारायचं. मग एकेक टप्पा करून दाखवत, तो तसाच का करायचा ते सांगायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि करताना त्यानंच तोंडानं समजावून सांगायचं. शेवटी त्याला कामावर एकटं सोडून मध्ये मध्ये जाऊन बघायचं. तिसरी पायरी गाळू नका. निवडणीतल्या बाईनं दुसऱ्या बाईला स्वतःच्या बोलीत नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं, तर समजावं की प्रशिक्षण पोचलं.

वेळ निवडताना वर्षाचं चक्र बघा. जानेवारीपासून नवी तूर येते, मिल पूर्ण ताकदीनं चालते, तेव्हा माणसं मिळणार नाहीत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास अर्धी माणसं गावी जातात, त्यामुळे आखाजीच्या तोंडावर सुरू केलेलं सर्कल हमखास मोडतं. पावसाळ्यात वाळवणी मंदावते, तेव्हा शिकवायला वेळ असतो आणि वाळवणीचे प्रश्नही ऐन भरात असतात. मी तुमच्या जागी असतो तर आषाढात सुरू केलं असतं. ठेकेदाराची माणसं येती-जाती असतील तर त्यांना सर्कलमध्ये घेण्याचा आग्रह नको. त्यांच्या कामाचे तीन-चार फोटो लावलेला फलक करा, आणि नव्या माणसाला तो समजावण्याची जबाबदारी कायमच्या माणसाला द्या.

दुसरं दुखणं गाड्यांचं. इथे यंत्र नाही, कागद आणि निरोप आहेत, म्हणून लोकांना वाटतं ही साधनं ऑफिसात चालत नाहीत. उलट तिथे ती जास्त लवकर फळतात. ठिबकच्या एका विक्रेत्याकडे मी हे करून घेतलं होतं. त्यांच्या अनुदानाच्या फायली त्रुटी निघून परत यायच्या आणि ऑफिसातला प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घ्यायचा. परत आलेल्या प्रत्येक फाइलवर कारणाची एक खूण करायला लावली. सगळ्यात मोठा ढीग निघाला नावांचा: सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. खानदेशात हे किती सर्रास आहे तुम्हाला माहीत आहेच, घरात आप्पा, गावात नाना, कागदावर आणखी तिसरंच. मग शेतकरी समोर बसलेला असतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून बघायचे, असा साधा नियम केला. ना सॉफ्टवेअर लागलं ना नवा माणूस, आणि परत येणाऱ्या फायलींचा तो ढीग खूपच खाली आला.

तुमच्या गाड्यांसाठी असंच करा. एक ऑर्डर पकडा आणि शेठजींच्या व्हॉट्सअॅपवर ती आली तेव्हापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंत तिच्यामागे चाला. प्रत्येक ठिकाणी दोन वेळा लिहा: काम हातात कधी आलं आणि पुढे कधी गेलं. असं आठ-दहा ऑर्डरींचं केलंत की दिसेल की पोती भरायला लागणारा वेळ थोडा आहे आणि बाकी सगळं थांबणं आहे. बारदान आलं नाही, छापील पिशवीचा साठा संपला, ई-वे बिलासाठी मुनीमजींना गाडी नंबर मिळाला नाही, हमाल दुसऱ्या गाडीवर लागले. यातलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं एकच कारण आधी घ्या.

आता शेठजींबद्दल. पहिल्या महिन्यात आकडे वाईटच दिसतील, कारण आजवर जे मोजलं जात नव्हतं ते आता मोजलं जाणार. त्या वेळी पत्रक हातात घेऊन कोणाची हजेरी कापली किंवा सगळ्यांदेखत बोललं गेलं, तर पुढच्या आठवड्यापासून सगळ्या ओळींमध्ये तीन टक्केच लिहिलेले दिसतील. माणसं स्वतःला वाचवणार, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून सुरुवात करण्याआधी शेठजींकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. पत्रकातल्या आकड्यावरून सहा महिने कोणालाही शिक्षा होणार नाही. आणि आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं ते स्वतः सर्कलच्या फळ्यापाशी उभे राहतील आणि ‘तुम्हाला माझ्याकडून काय हवंय’ असं विचारतील. हे कबूल होत नसेल तर प्रशिक्षण पुढे ढकला, पैसे वाचतील. हमाली पोत्यावर असेल आणि घाईत पोती आपटून माल फुटत असेल, तर तो प्रश्नही याच फळ्यावर आला पाहिजे, कारण मजुरीची रीत बदलणं फक्त त्यांच्या हातात आहे.

शेठजींना हे पैशात सांगा. दिवसाला २०० क्विंटल डाळ काढणाऱ्या मिलमध्ये एक टक्का खंडा म्हणजे रोज २ क्विंटल माल, जो डाळीऐवजी खंड्याच्या भावानं जातो. तुमच्या मिलचं उत्पादन आणि आजच्या दोन भावांतला फरक घालून गणित मांडा. तो आकडा पुण्याच्या कोटेशनशेजारी ठेवला की कोणता खर्च आधी करायचा ते बोलणं सोपं जाईल. प्रशिक्षण यशस्वी झालं की नाही तेही यावरूनच ठरवा. किती माणसं बसली हा हिशेब मागू देऊ नका. खंडा खाली आला का, आणि तीन महिन्यांनी तुम्ही रोज बघत नसतानाही तो खालीच राहिला का, एवढंच बघा.

बाहेरची मदत हवी असेल तर सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन (कामातला वेळेचा-मालाचा अपव्यय कमी करण्याची) योजना आहे, मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात सुरू झाली. उद्यम नोंदणी असलेल्या उद्योगांना सल्लागाराकडून अंमलबजावणी करून घेण्याच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. अर्ज करण्याआधी त्या वेळच्या अटी पोर्टलवर वाचून घ्या. आकडेमोडीला हात हवे असतील तर जळगावातच विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे. प्रकल्पासाठी खरी माहिती शोधणारे विद्यार्थी तिथे असतात, तुमची पत्रकं त्यांच्या उपयोगाची ठरतील.

आणि तुमचा ग्रीन बेल्ट. करा, पण क्रम उलटा ठेवा: आधी खंड्याचं काम, मग कोर्स. सिक्स सिग्माला जगभरात एकच एक अधिकृत नियामक संस्था नाही, कोणीही प्रमाणपत्र छापू शकतं. त्यामुळे संस्थेला तीन प्रश्न विचारा. प्रत्यक्ष प्रकल्प लागतो का, तो कोण तपासतं, आणि प्रकल्प अपुरा असेल तर प्रमाणपत्र अडवता का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर तिथे पैसे घालू नका. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीच्या ग्रीन बेल्ट परीक्षेला बसायला संबंधित कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, तिचं नाव मोठ्या कंपन्यांत चालतं, पण फी डॉलरमध्ये आहे आणि पेपर इंग्रजीत. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या गुणवत्ता नियंत्रण विभागाचे कोर्स आकडेशास्त्राच्या बाजूनं भक्कम असतात. खिशाला झळ न लावता सुरुवात करायची असेल तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण मंचावर सिक्स सिग्माचे धडे फुकट बघता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. मी असतो तर पावसाळाभर ते धडे बघत खंड्याचं काम केलं असतं आणि दिवाळीनंतर, आलेख हातात घेऊन, कोर्सला नाव घातलं असतं. तोपर्यंत तुमचा प्रकल्प तयार असेल, आणि कदाचित ती फी शेठजीच भरतील.

नमुने दोघांकडून मोजून झाले की दोन्ही रांगांचे आकडे इथेच टाका. फरक किती आहे ते बघून पत्रकात कोणते रकाने ठेवायचे ते सांगतो.